टॉम फिनी: जन्मभर एकाच क्लबचा राहिलेला खेळाडू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉम फिनी कोण होता?

इंग्लंडच्या लँकशर परगण्यात प्रेस्टन नावाचं गाव आहे. तिथे 5 एप्रिल 1922 रोजी जन्मलेला फुटबॉलपटू. प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचं डीपडेल मैदान त्याच्या घरापासून अगदी जवळ. याच क्लबकडून तो 1946 ते 1960 या काळात लीगचे 433 सामने खेळला आणि त्यात 187 गोल केले. चषकाचे सामने धरले तर 473 सामने आणि 210 गोल. इंग्लंडकडून 76 सामने, 30 गोल. 14 फेब्रुवारी 2014 रोजी, वयाच्या 91व्या वर्षी तो गेला. शिक्षण, धंदा, संसार, खेळ आणि शेवटचा निरोप, सगळं त्याच गावात.

बॉबी चार्ल्टन, बॉबी मूर ही नावं आपल्याकडे ऐकलेली असतात, फिनीचं नसतं. इंग्लंडने जिंकलेला 1966चा विश्वचषक त्याच्या निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आला, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की त्याच्या क्लबला त्याच्या काळात मोठा चषक मिळाला नाही. माझ्या मते मात्र इंग्लंडने घडवलेल्या पहिल्या चार-पाच खेळाडूंत त्याची जागा आहे.

प्रेस्टन हे कसलं गाव?

गिरण्यांचं. कापूस कातायच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला रिचर्ड आर्कराइट इथलाच. लँकशरच्या या गिरण्यांशी मुंबईचंही जुनं नातं आहे. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर लँकशरने दिवस काढले, आणि तो पैसा मुंबईत खेळला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला प्रेस्टन लगेच समजेल. एकाला एक चिकटलेली घरं, गिरणीचा भोंगा, शनिवारी अर्धा दिवस काम आणि दुपारी मैदानात गर्दी.

क्लबही साधासुधा नव्हता. 1888 साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. 1888-89च्या पहिल्याच मोसमात लीगचे 22 सामने एकही न हरता त्यांनी विजेतेपद घेतलं, त्याच वर्षी एफए कप ही इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली. फिनी सोळा वर्षांचा होता तेव्हा, 1938 साली, प्रेस्टनने पुन्हा एफए कप आणला होता. अशा क्लबच्या सावलीत वाढणाऱ्या पोराला दुसरं कुठलं स्वप्न पडणार?

त्याला 'प्रेस्टनचा प्लंबर' का म्हणतात?

कारण तो खरोखरच प्लंबर होता. टोपणनाव म्हणून कुणी गंमतीने चिकटवलेलं नाही.

टॉम चार वर्षांचा असताना आई गेली. वडील कारकुनी करत, घरात पोरं बरीच, पैसा बेताचा. टॉम तर किरकोळ अंगाचा. चौदाव्या वर्षी उंची जेमतेम पावणेपाच फूट. मानेतल्या ग्रंथीच्या दुखण्याने लहानपण पोखरलेलं. असं पोर क्लबने पाहिलं आणि पंधराव्या वर्षी मैदानावर नोकरीसह सराव देऊ केला. टॉम हरखून गेला. वडील म्हणाले, आधी हातात कसब येऊ दे, प्लंबिंगची उमेदवारी पूर्ण कर, मग काय खेळायचं ते खेळ.

आपल्याकडे 'आधी डिग्री घे, मग बॅट धर' म्हणणारे वडील घरोघरी आहेत, म्हणून मला या प्रसंगात काही परकं वाटत नाही. टॉम खट्टू झाला, पण ऐकलं. दिवसा कामावर, संध्याकाळी सरावाला. जानेवारी 1940 मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला, पण पाना आणि सोल्डरची पिशवी सुटली नाही. पुढे भावाबरोबर त्याने स्वतःचा प्लंबिंगचा व्यवसाय काढला आणि इंग्लंडचा नामवंत खेळाडू असतानाही चालवला. सकाळी सराव, मग कुणाच्या तरी घरची गळती. ज्याला शनिवारी हजारो लोक डोक्यावर घ्यायचे, तोच सोमवारी मोरीखाली वाकून पाइप जोडतोय, हे चित्र प्रेस्टनच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. वडिलांचा हट्ट किती योग्य होता ते पुढच्या उत्तरांत कळेल.

दुसऱ्या महायुद्धाने त्याचं किती नुकसान केलं?

सरळ हिशेब मांडा. 1939 साली युद्ध सुरू झालं आणि लीग बंद पडली. टॉम तेव्हा 17 वर्षांचा. लीगमधला त्याचा पहिला सामना झाला 31 ऑगस्ट 1946 रोजी, लीड्सविरुद्ध. वय 24. विंगरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या आघाडीच्या खेळाडूच्या, पायात सगळ्यात जास्त वारं असतं ती वर्षं अशीच गेली.

युद्धकाळात त्याची झलक दिसली ती 1941च्या युद्धचषकाच्या अंतिम सामन्यात. वेम्ब्लीवर आर्सेनलशी 1-1 बरोबरी झाली, ब्लॅकबर्नच्या इवुड पार्कवर पुन्हा सामना झाला आणि प्रेस्टनने 2-1 असा जिंकला. टॉम 19 वर्षांचा होता. पुढल्या वर्षी लष्करात बोलावणं आलं. ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमरीच्या आठव्या सैन्यात इजिप्त, मग इटली. इटलीत तो रणगाड्याचा चालक होता आणि एप्रिल 1945 मधल्या आर्जेन्टाच्या लढाईपर्यंत मोर्च्यावर होता. परत आला, त्याच वर्षी एल्सीशी लग्न केलं, आणि पुन्हा डीपडेलवर हजर.

तो कुठल्या जागेवर खेळायचा?

प्रेस्टनसाठी बहुतेक काळ उजवा विंगर, इंग्लंडसाठी कधी उजवा कधी डावा. गंमत ही की तो मूळचा डावखुरा. उजवा पाय त्याने लहानपणी तासन् तास घासून तयार केला. त्यामुळे समोरच्या बचावपटूला पंचाईत: बाहेरून जाईल की आत वळेल, काही थांग लागत नसे. डीपडेलवर त्याच्या आधी खेळून गेलेला ॲलेक्स जेम्स हा त्याचा लहानपणचा आदर्श.

1956 साली, वयाच्या 34व्या वर्षी, त्याला सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे मधल्या मुख्य आक्रमकाच्या, जागी आणलं. त्या वयात विंगर साधारण दुसऱ्या फळीच्या संघात दिसतो किंवा घरी बसतो. फिनीने 1957-58च्या मोसमात लीगमध्ये 26 गोल केले. त्याचा जोडीदार टॉमी थॉम्पसन, त्याचे 34. साठ गोल दोघांत!

लिव्हरपूल क्लब घडवणारा प्रशिक्षक बिल शँकली प्रेस्टनकडून खेळायचा तेव्हा त्याची जागा फिनीच्या बरोबर मागे होती. म्हणजे हा खेळ त्याने सगळ्यात जवळून पाहिला. फिनी कुठल्याही काळात, कुठल्याही संघात थोर ठरला असता, अगदी ओव्हरकोट घालून उतरला असता तरी, असं शँकली जन्मभर सांगत राहिला.

मग श्रेष्ठ कोण, स्टॅनली मॅथ्यूज की फिनी?

मॅथ्यूज हा त्याच काळातला इंग्लंडचा दुसरा नामवंत विंगर, आणि हा वाद इंग्लंडमध्ये तेव्हा घराघरांत होता. ड्रिबलिंगची, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत बचावपटूंना चकवण्याची, जादू पाहायची असेल तर मॅथ्यूज. बाकी सगळं, म्हणजे गोल, हेडर, दोन्ही पाय, पाच-पाच जागांवर खेळण्याची तयारी, यात मी फिनीला पुढे ठेवतो. दोघांना एकत्र खेळवलं की काय होतं हे 25 मे 1947 रोजी लिस्बनला दिसलं. उजवीकडे मॅथ्यूज, डावीकडे फिनी, आणि पोर्तुगालवर 10-0. पुढल्या वर्षी तुरीनला इटलीवर 4-0, त्यातले दोन गोल फिनीचे.

पालेर्मोचं प्रकरण नेमकं काय होतं?

फिनीबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर थोडं सावकाश वाचावं.

मे 1952. इंग्लंडचा संघ इटलीच्या दौऱ्यावर होता, फ्लॉरेन्सला 1-1 असा सामना झाला. तिथे सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचा अध्यक्ष फिनीला भेटला. हा गृहस्थ खरोखरचा राजपुत्र, रोबेर्तो लान्झा दि त्राबिया. त्याने समोर ठेवलं ते असं: सही करताच 10,000 पौंड, महिन्याला 130 पौंड पगार, वर बक्षिसं, समुद्रकाठी बंगला, गाडी, कुटुंबाच्या येण्या-जाण्याचा खर्च.

आता फिनीला प्रेस्टनमध्ये काय मिळत होतं? आठवड्याला 14 पौंड. क्लब कंजूष होता असं नाही, नियमच तसा होता. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही त्यावर दमडी देता येत नसे. म्हणजे पालेर्मोचे नुसते सहीचे पैसे त्याच्या जवळजवळ 14 वर्षांच्या पगाराइतके. घरी बायको, दोन लहान मुलं. वय तिशीला आलेलं. विचार करा.

त्याने विचार केला. मोह झाला हे त्याने कधी लपवलं नाही. परत येऊन तो क्लबचे अध्यक्ष नॅट बक यांच्याकडे गेला आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी लँकशरच्या ठसक्यात सुनावलं की आमच्याकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. विषय तिथे संपला.

म्हणजे ही निष्ठा नव्हतीच, सक्ती होती?

कायद्याने पाहिलं तर सक्तीच. त्या काळी खेळाडूचा करार संपला तरी क्लबने त्याची नोंदणी धरून ठेवली की त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. पगारही द्यायचा नाही आणि सोडायचंही नाही, इतकं चालत असे. वेठबिगारीच म्हणायची. जानेवारी 1961 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर कमाल पगाराची मर्यादा गेली आणि 1963 साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने ही नोंदणीची बेडी बेकायदा ठरवली. फिनी त्याआधीच, 1960 साली निवृत्त झाला होता. एका वर्षाने चुकामूक.

म्हणून फिनीचं उदाहरण देऊन आजच्या खेळाडूंना 'पैशासाठी पळतात' असं बोलणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच्यावर अन्याय झाला होता, आणि त्याला मोठेपणाचा मुलामा देणं बरोबर नाही.

पण अर्धं उत्तर अजून बाकी आहे. 'नाही' ऐकल्यावर माणूस काय करतो ते पाहायला हवं. रुसून बसता आलं असतं, अंग चोरून खेळता आलं असतं. फिनीने पुढच्याच मोसमात प्रेस्टनला लीगच्या विजेतेपदाच्या दारात नेलं. आणि निवृत्तीनंतर, कुठलीही नोंदणी आडवी येत नसताना, लंडनला किंवा आणखी कुठे जाण्याऐवजी तो तिथेच राहिला. पालेर्मोला न जाणं त्याच्या हातात नव्हतं. पुढची चोपन्न वर्षं प्रेस्टनमध्ये काढणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं.

त्याने जिंकलं काय?

प्रामाणिक उत्तर: फारच थोडं, आणि ते सांगताना मला अजूनही वाईट वाटतं. 1949 साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. 1950-51 मध्ये सलग 14 सामने जिंकून दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेऊन परतला. हे त्याचं लीगमधलं एकमेव पदक.

1952-53 मध्ये मात्र हातातोंडाशी आलेला घास गेला. प्रेस्टनचे सगळे सामने संपले तेव्हा त्यांचे 54 गुण होते. शुक्रवारी, 1 मे 1953 रोजी आर्सेनलचा बर्नलीशी शेवटचा सामना. आर्सेनलने तो 3-2 जिंकला, त्यांचेही 54 झाले. तेव्हा गोलफरक पाहत नसत, केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. आर्सेनलचे 97 आणि 64, भागाकार 1.516. प्रेस्टनचे 85 आणि 60, भागाकार 1.417. विजेतेपद गेलं दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर. आजच्या पद्धतीने वजाबाकी केली तरी आर्सेनलच पुढे राहतं, त्यामुळे नियमाला दोष देता येत नाही.

पुढल्या वर्षी 1 मे रोजीच एफए कपचा अंतिम सामना, वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनशी. प्रेस्टन 2-1 ने पुढे होता. बरोबरी झाली, आणि शेवटच्या काही मिनिटांत फ्रँक ग्रिफिनने तिसरा गोल मारला. सारा देश फिनीच्या पदकाची वाट पाहत होता, कारण आदल्या वर्षी मॅथ्यूजला ते मिळालं होतं. त्या दिवशी फिनीचा खेळ बसलाच नाही. 1958 साली पुन्हा लीगमध्ये दुसरा क्रमांक, वुल्व्ह्सच्या मागे.

वैयक्तिक सन्मान मात्र मिळाले. फुटबॉल पत्रकारांचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब 1954 आणि 1957 असा दोनदा मिळवणारा तो पहिलाच.

इंग्लंडसाठी त्याची कामगिरी कशी होती?

पहिला सामना 28 सप्टेंबर 1946, बेलफास्टला, उत्तर आयर्लंडवर 7-2, पदार्पणातच गोल. तीन विश्वचषक: 1950, 1954, 1958. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोन्तेला अमेरिकेकडून 0-1 असा हरलेला संघ, त्यात तोही होता. 1954 मध्ये उपान्त्यपूर्व फेरीत उरुग्वेविरुद्ध त्याचा गोल, पण संघ 2-4 हरला. 1958 मध्ये गोथेनबर्गला सोव्हिएत संघाविरुद्ध, समोर त्यांचा नामांकित गोलरक्षक लेव्ह याशिन उभा असताना, त्याने पेनल्टी मारून 2-2 केली. त्याच सामन्यात दुखापत झाली आणि विश्वचषक तिथेच संपला.

ऑक्टोबर 1958 मध्ये, पुन्हा बेलफास्टलाच, त्याने 30वा गोल करून इंग्लंडचा विक्रम आपल्या नावावर केला. तो टिकला किती? त्याच महिन्यात वेम्ब्लीवर नॅट लॉफ्टहाउसने बरोबरी केली. तो सामना फिनीचा इंग्लंडसाठी शेवटचा ठरला. लॉफ्टहाउसही लँकशरचाच, बोल्टनचा, आणि तोही जन्मभर एकाच क्लबचा. पुढे 1963 साली बॉबी चार्ल्टनने दोघांना मागे टाकलं.

त्याला कधी मैदानाबाहेर काढलं होतं का?

नाही. पंचांनी साधी ताकीदवहीत नोंदही कधी केली नाही. त्या काळी विंगरला कसे लाथाडत हे लक्षात घेतलं तर याचं मोल कळेल.

तो खरंच एकाच क्लबकडून खेळला? डिस्टिलरीचं काय?

चोखंदळ वाचक हा प्रश्न विचारतातच. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, 25 सप्टेंबर 1963 रोजी, 41 वर्षांचा फिनी उत्तर आयर्लंडच्या डिस्टिलरी क्लबकडून युरोपियन कपचा एक सामना खेळला. प्रतिस्पर्धी पोर्तुगालचा, युसेबिओचा बेनफिका! निकाल 3-3. परतीच्या सामन्यात तो नव्हता आणि डिस्टिलरी 0-5 हरली. गाव तेच, बेलफास्ट. या एका संध्याकाळमुळे त्याला एकाच क्लबच्या खेळाडूंच्या यादीतून काढावं असं मला वाटत नाही. लीगचा प्रत्येक सामना तो प्रेस्टनच्या शर्टातच खेळला.

पाणी उडवणारा तो प्रसिद्ध फोटो कुठला?

25 ऑगस्ट 1956, चेल्सीचं स्टॅमफर्ड ब्रिज मैदान. सामन्याआधी धो धो पाऊस झालेला, कडेला तळं साचलेलं. फिनी बचावपटूला चुकवून त्या पाण्यातून निघतो, तो क्षण. फोटो नीट पाहा. पाण्याचा पडदा त्याच्या दोन्ही अंगांनी पंख्यासारखा उठला आहे, शरीर एका बाजूला कललंय, पडेल की काय असं वाटतं. पण नजर चेंडूवरून हललेली नाही. त्या वर्षीचं उत्कृष्ट क्रीडा छायाचित्र म्हणून ते गौरवलं गेलं.

निवृत्ती कशी घेतली?

30 एप्रिल 1960, डीपडेलवर लूटन टाउनविरुद्ध, 2-0 असा विजय. जांघेचं दुखणं बळावलं होतं. पुढच्याच मोसमाअखेर, 1961 मध्ये, प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून खाली गेला, आणि सर्वोच्च श्रेणीत अजून परतलेला नाही. एका माणसाचं क्लबमधलं वजन मोजायला मला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

नंतरच्या आयुष्यात तो काय करत होता?

प्लंबिंग! वडिलांनी शिकायला लावलेल्या कसबावर घर उत्तम चाललं. गावात दंडाधिकारी म्हणून काम केलं, स्थानिक आरोग्य प्राधिकरणाचं अध्यक्षपद सांभाळलं, क्लबचा तो मानद अध्यक्ष झाला. 1998 साली नाइटहुड मिळून 'सर टॉम' झाला. उतारवयात एल्सीला अल्झायमर झाला, तेव्हा तिची शुश्रूषा त्याने स्वतः केली. 2004 साली ती गेली. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर कशाने वाटतो असं कुणी विचारलं तर मी गोलांच्या आधी हे सांगेन.

प्रेस्टनला गेलं तर काय पाहावं?

डीपडेलवर त्याच्या नावाचा स्टँड आहे, त्यातल्या खुर्च्यांच्या रंगांतून त्याचा चेहरा उमटवलेला आहे. सामन्याच्या दिवशी माणसं बसली की तो झाकला जातो, म्हणून रिकाम्या मैदानाला भेट द्यावी. बाहेर त्या पाण्याच्या फोटोवरून घडवलेला पुतळा आहे, 2004 साली बसवलेला, शिल्पकार पीटर हॉजकिन्सन. तो उभारला तेव्हा शेजारीच राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय होतं. ते संग्रहालय पुढे मँचेस्टरला गेलं. पुतळा डीपडेललाच आहे.